जेवणाबरोबर एक गोळी

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? रक्तदाब, साखर, गुडघे, झोप? जिना चढताना धाप तर लागत नाही ना? (एवढ्या बारकाईनं मी आजवर कधी विचारलं नाही, हे खरं. पण आता विचारलंय, तर सविस्तर कळवा.)

पत्रास कारण तुमचे बंधुराज. त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता रक्तातलं फॉस्फेटही वाढलंय. म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. फॉस्फेट खाण्यातून येतं, हाडांना ते लागतंही, पण जास्त झालं की हाडंच ते ओळखतात आणि मूत्रपिंडांना निरोप धाडतात की बाबांनो, हे बाहेर काढा. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्याही तोच तगादा लावतात. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं ऐकतात आणि कामाला लागतात. यांच्या मूत्रपिंडांना ऐकू येतं, पण अंगात त्राण नाही. मग हाडं आणखी निरोप धाडतात, ग्रंथी चेकाळतात आणि शेवटी हाडांतलाच चुना उपसायला लागतात. (घरात कुणी ऐकेनासं झालं की बोलणाऱ्याचीच हाडं झिजतात, हे शिकायला मला दवाखान्यात जायची गरज नव्हती.)

उपाय अगदी सोपा होता. जेवणाबरोबर एक गोळी. ती पोटातच अन्नातलं फॉस्फेट धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. म्हणून अन्नाबरोबर घेतली तरच उपयोग. शिवाय चीज, शेंगदाणे आणि तो बाटलीतला काळा सोडा, म्हणजे कोला, बंद. यांनी मान डोलावली. माप देताना गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी शिंप्याची मान डोलते, तशीच ती डोलली, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कारण दर तपासणीला आकडा वर. अंगाला खाज इतकी, की कापड मोजायची लाकडी पट्टी दिवसभर यांच्या पाठीवर (आणि तीच मग गिऱ्हाइकाच्या कोटावर). बाईंनी गोळी बदलली, मग वाढवली. मी भाज्या उकळून पाणी ओतून देत होते. त्यापायी माझ्याही तोंडाची चव गेली. आणि हे ताटावर बसून म्हणायचे, भूक नाही. मला वाटलं, आजारानंच भूक मेली. काळजीनं मी अर्धी झाले. (बघून कुणाला पटणार नाही, पण झाले.)

गेल्या महिन्यात एकदा यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला दुकानात गेले. शिवणयंत्राच्या खणात बटणांशेजारी शेंगदाणे, कापडाच्या गठ्ठ्यामागे चीजचा डबा, पायाशी सोड्याची बाटली. तोंड यंत्रापेक्षा जोरात चाललेलं. गोळ्यांचं पाकीट मात्र कोरं करकरीत. मी विचारलं, गोळी कुठे घेतलीत? तर टाका न चुकवता म्हणाले, "अगं, गोळी जेवणाबरोबर आहे. हे कुठे जेवण आहे? हे आपलं तोंडात टाकणं." आणि चीज? ते म्हणे जेवणातून बंद केलंय. रात्री पोट भरलेलं म्हणून जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणून गोळी नाही. बोट ठेवायला कुठे जागा आहे का सांगा. मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला.

बाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील, पण त्या हसल्या नाहीत. चिठ्ठीवर "तोंडात काहीही टाकलं की गोळी" असं ठळक अक्षरात लिहून दिलं. आता हे पाणी पितानाही गोळी मागतात. एकदा अक्कल आली की ती अशी उतू जाते.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो माझ्या वैतागासकट सांभाळून घ्यावा.

आपली,
भावजय

ता. क. चीजचा तो डबा तुमच्याच पार्सलातून दुकानाच्या पत्त्यावर आला होता. वेष्टनावरचं अक्षर मी ओळखते. धाकट्या भावाचे लाड करा, पण लोकरीचा मफलर वगैरे पाठवून करा.

ता. क. २. बाई हसल्या का नाहीत, ते वर लिहिलं नाही. मूत्रपिंडं आता फार दिवस साथ देणार नाहीत, दुसरं बसवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. माझी तपासणी झाली. जुळत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं काहीच जुळलं नाही, तर हे काय जुळायचं होतं. तरी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी खूप रडले. सख्ख्या बहिणीचं जुळण्याचा संभव जास्त, असं बाई सांगतात. यांनी तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे, ती मी मोडते आहे. तपासणीला याल का? तुमचा जीव तुमचा आहे, घाबरलात तर मी समजून घेईन. नाही म्हणालात तर मी रागावणार नाही, असं लिहिणार होते. पण मी रागावेन, वन्सं. फार रागावेन. तरीही जे मनात असेल तेच कळवा.