बोरीच्या लाकडाचं लाटणं

दहाव्या चांद्रमासाची पौर्णिमा
सकाळ, पूजा आटोपून

चि. लीहोंग,

तुला आईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे थंडी जास्त असेल, तर गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा. सामने संपेपर्यंत मुलींचे फोन पेटीत, आणि तुझाही, हा तुझाच नियम, म्हणून कागद घेऊन बसले आहे. कुरिअरवाला म्हणाला दोन दिवसांत पोचेल.

कोबी उतरला. तुझ्या बाबांनी आणि मी मिळून चाळीस गड्डे ओट्यावर रचले, वर गोणपाट घातलं. बाबांचा खोकला बरा आहे. आज पौर्णिमा, म्हणून टोफू आणि शेवया. क्वानयिन देवीपुढे तुझ्या नावाने उदबत्ती लावली. फेई मावशी आली होती. नेहमीचंच, "लीहोंगचं लग्न कधी?" मी म्हटलं, जमेल. तर म्हणते, "जमेल गं, नवऱ्याने येताना शिडी आणली म्हणजे झालं." तू बारा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझ्या उंचीवर हीच थट्टा. तरी हसले.

तुझ्या संघातल्या छिंगची आई येऊन गेली. भेट घेऊन आली होती. मी ठेवून घेतली.

तू सांगून गेलीस त्याप्रमाणे क्रीडाशाळेचे मू साहेब दुपारी न्यायला येणार आहेत. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाईन. 'पोरगी पायरीवरून पडली' एवढ्याच मजकुरावर तिच्या आईची सही घ्यायची आहे, माझ्या लक्षात आहे. अकरा मोसम व्यावसायिक बास्केटबॉल संघात हाडं मोडून घेतलीस तेव्हा क्रीडाशाळेतली ही कायमची नोकरी मिळाली. ती एका पोरीच्या हातासाठी जाऊ द्यायची नाही, हे मलाही कळतं. तू खेळाकडे लक्ष दे.

थांबते. मू साहेबांची गाडी आली.

*

पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपार

पत्र काल टाकलं नाही. बरं झालं.

छिंगच्या आईने काय आणलं होतं ते काल लिहिलं नाही. लाल कापडात गुंडाळलेलं लाटणं होतं. नवं, बोरीच्या लाकडाचं, दीड हात लांब. दाराच्या आतही आली नाही. दोन्ही हातांवर धरून म्हणाली, "ताई, आधीचं चिरलं म्हणे. हे कोचबाईंना द्या. पोरगी माझी हट्टी आहे, तिचंच चुकलं असणार. हात बरा होईपर्यंत जागा राखून ठेवा म्हणावं. संघातून तेवढं काढू नका."

मी म्हटलं, "हात कसा आहे तिचा?"

"दोन ठिकाणी मोडलाय. पण डावा आहे."

डावा आहे, असं म्हणाली. समाधानाने म्हणाली. आणि मी काय केलं? मी लाटणं घेतलं, तिला गरम पाणी दिलं, आणि जाताना कोबीचा एक गड्डा दिला. ती गेल्यावर ते लाटणं ओट्यावर ठेवलं आणि तुला पत्र लिहायला बसले, त्यात कोबीबद्दल लिहिलं.

ते पहिलं लाटणं माझ्या सासूचं होतं, तुला ठाऊक आहे. क्रीडाशाळेत तुझ्या मनगटाचं एक्स-रे चित्र काढलं, हाडांच्या फटी बघून डॉक्टर म्हणाले, पोरगी एक मीटर नव्वदपर्यंत जाईल. त्या दिवशी गावभर मी ताठ मानेने चालले. आपल्याकडे पोर गुरूच्या हवाली करताना हातात काहीतरी द्यायचं, म्हणजे पोरीचं हाडही तुमचं आणि कातडंही तुमचं. मी घरातली सगळ्यात टणक वस्तू काढली. तुझे बाबा बसमध्ये चढताना म्हणाले, "लाटणं कशाला? त्या पांग कोचला शेवया लाटायच्यात का?" मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही, गप्प बसा. ते बसले. एकवीस वर्षं बसले आहेत.

पांग कोचने लाल कापड सोडलं, तळहातावर हलकेच मारून पाहिलं आणि म्हणाले, "छान वजन आहे." तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझी वेणी मीच घातली होती.

त्यानंतरचं मी माझ्या वहीत लिहीत आले. घरखर्चाच्या वहीची मागची पानं. तुला लागलं की किती दिवस मांस वर्ज्य केलं, ते देवीच्या नावाने मांडायचं. काल दवाखान्यातून आल्यावर ती पानं वाचली. तेरावं वर्ष, पोटऱ्या काळ्यानिळ्या, सात दिवस. चौदावं, कानातून रक्त, पंधरा दिवस. एकोणिसावं, संघातला पहिलाच मोसम, कोपर लागून नाक मोडलं, कापूस कोंबून परत मैदानात, एक महिना. चोविसावं, अंतिम सामना, समोरचे दोन दात पडले. ते तू राखीव मुलीच्या तळहातावर थुंकलेस आणि आत जाऊन चौदा गुण केलेस. मी टीव्हीसमोर गुडघे टेकून होते. सत्ताविसावं, गुडघ्यात सुई, पाणी काढून परत सुई. एकोणतिसावं, राष्ट्रीय शिबिरात वीस दिवस राहून परत पाठवलं. त्याला काय लिहावं कळलं नव्हतं, नुसती रेघ ओढली आहे.

एक गोष्ट मात्र वहीत नाही. त्याच अंतिम सामन्यात, दात पडल्यावर, तू त्या उत्तरेकडच्या मुलीला कोपर मारलंस. पंचाला दिसलं नाही. मला दिसलं. तिचा जबडा निखळला, ती जमिनीवर पडून पाय झाडत होती, आणि मी इथे, देवीच्या तसबिरीखाली, टाळ्या वाजवल्या. फेई मावशीने मला मिठी मारली. तू घेतलेल्या घावांचे उपास आहेत वहीत. दिलेल्यांचा एकही नाही.

आता दवाखान्याचं सांगते.

छिंग खिडकीजवळच्या खाटेवर होती. खांद्यापर्यंत प्लास्टर. ओठ सुजलेला. तू ओठाबद्दल मला काही बोलली नव्हतीस. मू साहेबांनी सफरचंदांची पिशवी खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "काय खेळाडू, पायऱ्या मोजायला विसरलीस वाटतं?" ती हसली. मला म्हणाली, "आजी, पायरीवरून पडले मी. दुखत नाही."

लीहोंग, ते हसणं मला पाठ आहे. ओठ दाताखाली धरून, एका बाजूने. दर महिन्याला घरी यायचीस तेव्हा दारात उभी राहून तू तसंच हसायचीस आणि म्हणायचीस, "आई, दुखत नाही." आणि मी म्हणायचे, चल जेवायला.

मू साहेबांनी कागद काढला. छिंगची आई पेनसाठी हात पुढे करत होती. मी म्हटलं, "थांबा जरा."

मू साहेब म्हणाले, "काकू, उगीच लांबवू नका, मला चारला बैठक आहे."

मी छिंगला विचारलं, "फ्री थ्रो किती चुकले होते?"

ती आधी आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दहातले सहा."

"मग सहा फटके बसले?"

"पाच बसले, आजी. सहाव्याला मी हात मध्ये घातला. घालायचा नसतो. माझीच चूक."

म्हणजे नियम तोच. चुकेल तेवढे. पांग कोचचा नियम, माझ्या सासूचं लाटणं, आणि आता हात तुझा. निवृत्त होताना पांग कोचने ते तुझ्या हातात दिलं तेव्हा काय म्हणाले होते, तू मला कौतुकाने सांगितलं होतंस. "तुझ्या आईची ठेव, सांभाळ." तू सांभाळलीस.

मग मी छिंगच्या आईला एक गोष्ट सांगितली. मू साहेबांसमोरच. तुला ती कधी सांगितली नाही. आता तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिते.

तू तेरा वर्षांची असताना एका रविवारी मी भेटायला येणार होते आणि आले नाही. बस चुकली, असं मी सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी नववर्षाच्या जेवणाला तू दोन पेले घेतलेस आणि हसत म्हणालीस, "त्या रविवारी तू आली असतीस ना आई, तर मी तुझा हात धरून परत आले असते. मग आज इथे कापडगिरणीत असते. बरं झालं तुझी बस चुकली." सगळे हसले. मी पण.

बस चुकली नव्हती. मी वेळेच्या आधी पोचले. तुझ्यासाठी गाजर-अंड्याच्या करंज्या उकडून आणल्या होत्या, डबा अजून गरम होता. मैदानाच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. तू रेषेवर उभी होतीस. चेंडू टाकत होतीस, आणि चुकला की वळून वाकत होतीस, हात गुडघ्यावर ठेवून, कोणी न सांगता. लाटणं पोटरीवर बसत होतं. तो आवाज काचेतूनही ऐकू येत होता. ओली गादी झोडपावी तसा. चौथ्याला तू खाली बसलीस. पांग कोचने केस धरून उभं केलं. मी घालायचे ती वेणी. पाचव्याला तुझ्या मोज्यातून रक्त आलं.

मी मोजत होते. सात चुकले, सात बसले. आणि देवीशपथ सांगते, त्या क्षणी मनात एवढंच आलं, की हिशोब बरोबर आहे, माणूस प्रामाणिक आहे, एकही जास्त मारला नाही.

मग तू मान वर केलीस, खिडकीच्या दिशेने. तुला मी दिसले की नाही मला माहीत नाही. एकवीस वर्षं माहीत नाही. मी खाली वाकले. पुढच्या आठवड्यात प्रांताच्या संघाची निवड होती, पोर घरी नेली की परत घेत नाहीत, हे सगळं मला पाठ होतं. डबा कोणाला दिला तर मी आले होते हे तुला कळलं असतं. म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसून त्या सगळ्या करंज्या मीच खाल्ल्या. वाया जाऊ नयेत म्हणून. मग दुपारच्या बसने घरी आले.

हे ऐकल्यावर छिंगची आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "ताई, तुमची लेक टीव्हीवर आली. तुम्हाला शहरात घर मिळालं. तुमचं सगळं झाल्यावर, माझ्या पोरीच्या वेळी बरा तुम्हाला कळवळा आला." मू साहेबांच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. सही करून छिंगच्या ओठावर ओला रुमाल ठेवला. फार हलक्या हाताने.

तिचं काय चुकलं?

गाडीत मू साहेब म्हणाले, "काकू, झालं गेलं. म्हाताऱ्या माणसांनी जुनं उकरू नये. तुमच्याच लेकीच्या पोटावर पाय येईल." मी म्हटलं, "पोटरीवर लाटणं येत होतं तेव्हा आपण कोणीच बोललो नाही, साहेब."

आज सकाळी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जाऊन आले. दोन पानं लिहून नेली होती. पहिल्या ओळीत माझं नाव, वर्ष, आणि लाटणं मी दिलं, असं. मग ती खिडकी. मग पांग कोच. छिंग शेवटी, आणि तिच्या आधी तू. तुझं नाव लिहिताना हात थांबला, पण गाळलं नाही. नवं लाटणं लाल कापडासकट त्यांच्या टेबलावर ठेवलं. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, हे इथे नाही ठेवता येत." मी म्हटलं, घरीही नाही ठेवता येत. तिने पावती दिली.

तुझी नोकरी जाईल, बहुतेक. फेई मावशी म्हणेल, आईने लेकीचा गळा कापला. कदाचित तूही म्हणशील. शुक्रवारी परत आलीस की तुला बोलावणं येईल. मी त्या दाराबाहेर सकाळी आठपासून असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी असेन. आत बोलावलं तर येईन, आणि या वेळी वाकणार नाही.

तोवर एकच मागते. तिकडे अकरा मुली तुझ्यासोबत आहेत. फ्री थ्रो चुकतील. कोणी रेषेवरून आपणहून वळून वाकली, तर तिला सरळ उभी कर. तेवढंच कर. बाकीचं आल्यावर.

बाबांना सांगितलं, पत्र लिहिते आहे. म्हणाले, "लिही, की मी तेव्हा बसमध्ये गप्प बसलो." मी म्हटलं, लिहिलंय आधीच. तर ते उठून कोबीवरचं गोणपाट सारखं करत बसले. ते सारखंच होतं.

गुडघ्याला पट्टी बांध.

त्या रविवारी वेळेवर पोचलेली,
तुझी आई