आवाज बंद करून पाह्यलेला सिनेमा

मंगळवार, सांजच्याले

डोस्कं फिरून राह्यलं आज. तो नदीत डोंगा, म्हंजे नाव, चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा इथी कोणाले ठाऊक नाई, म्हणून मी दोस्ताइले, संद्याले अन् गोलूले, पाठवला. जिंदगीत पह्यल्यांदा मस्करी न करता काही पाठवलं. अन् दोघाइनं आवाज बंद करून पाह्यला!

काऊन? तर मागं मी सिनेमा म्हणून पाठवलेल्या व्हिडिओत मधातच भूत किंचाळलं होतं. म्हणून ह्या वेळी मोबाईल दूर ठेवून दोन घंटे भुताचीच वाट पाहत बसले.

"म्हातारा नुसता तोंड उघडून राह्यते बे," गोलू म्हणे.

अबे, तो हाका मारते! मेलेल्या बायकोले, रोज, नदीच्या ह्या काठावरून. अन् शेवटी पल्याडून 'ओ' येते. तेच तर ऐकाचं होतं! शेवट मलेच सांगा लागला, ह्याचा जास्त राग. सांगता सांगता माहा गळाच भरून आला.

संद्यानं टाळी वाजवली. "काय अ‍ॅक्टिंग करतेस बे! आता सांग, भूत कुठी हाय?"

उद्या दोघाइच्या कानात इअरफोन कोंबतो. पण माह्या हातचं काही कानात घालू देतीन का ते?