सरकत्या बटणांचा फोन

शनिवार, ५ ऑक्टोबर
आटपाडीचा बाजार. बोकडांना गिऱ्हाईक होतं, मेंढरांना कुणी विचारेना. दुपारपर्यंत आवाज टिकला, मग नुसती फसफस. जो तो म्हणतो, आप्पा, घसा बसलाय, हळद-दूध घ्या. घेतो म्हटलं. दलालीत अर्धा जन्म ओरडण्यात गेला, घसा बसणारच, असंच सगळ्यांना वाटतंय. वाटू दे.

काल मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाईट आहे. गाठीबरोबर आवाजाचं यंत्रच काढावं लागेल. मग बोलणं बंद. कायमचं. जावई संजय बरोबर होता. त्याला बाहेर पाठवलं आणि विचारलं, ऑपरेशन करूनही माझ्याकडं किती वर्षं राहतात? डॉक्टरांनी आधी फाईल मिटली. मग आकडा सांगितला. एका हाताच्या बोटांवर मावतो. इथं लिहीत नाही.

मालनला घरी एवढंच सांगितलं, गाठ हाय, काढायची हाय. बरं म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

सोमवार, ७ ऑक्टो.
संजय साताऱ्याहून थेट इकडंच आला, कोरेगावला स्वतःच्या घरीसुद्धा गेला नाही. फोन घेऊन आलाय. त्याच्या कंपनीनं साहेबलोकांना दिलेले, आता जुने म्हणून कपाटात पडून. विचारून एक आणला. विटेसारखा जड. पडदा वर ढकलला की खालून बटणांची अख्खी पट्टी बाहेर येते, खट्ट.

"मामा, टचवर तुमची बोटं चालायची न्हाईत. हे दाबून बघा. ऑपरेशनपर्यंत वापरा आन जमतंय का सांगा. न्हाईतर दुसरं बघू."

मी म्हटलं, बोकड घेताना दात बघतो, ह्याचं काय बघू? तो हसला नाही. मान खाली घालून चार्जर जोडत बसला. आवाजाचं त्याला ठाऊक आहे. आकड्याचं नाही.

मंगळ., ८
दिवसभर फोन. अक्षरं इंग्रजी. बी ओ के ए डी, बोकड. दहावीचं इंग्रजी कामाला आलं म्हणायचं. एक ओळ लिहीपर्यंत चहा गार झाला. मुंबईच्या गिऱ्हाइकाला पहिला मेसेज, शनिवारी माल पाठवतो. लगेच उत्तर, ओके. हाच गडी फोनवर अर्धा तास डोकं खातो. धंद्याला चांगला आहे म्हणजे.

एक गोष्ट आवडली. बटण दाबलं की बोटाला कळतं, दाबलं गेलं. रुमालाखाली तेच असतं. गिऱ्हाइकाचा हात माझ्या हातात, वर रुमाल, भाव बोटांनी. जितकी बोटं धरली तितका आकडा, पंजा धरला की पाच. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. तोंडानं आम्ही दलाल काहीही बोलू. रुमालाखाली खोटं बोट धरलं तर त्या माणसाला परत कुणी हात देत नाही.

गुरु., १०
फोनमध्ये एक बाई आहे. लिहिलेलं वाचून दाखवते. 'भाकरी वाढ' लिहिलं तर इंग्रजी वळणानं असलं काही बोलली की कुत्रं उठून बाहेर गेलं.

मालन आतून, "ही कोण बया आणली घरात?"

मग पडदाच तिच्यापुढं धरला. तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला, उलटा केला, सुलटा केला. हसायला लागली. "मला काय दाखवतायसा? मला कुठं वाचता येतंय? तोंडानं सांगा की."

जेवण गेलं नाही. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, ही वाचत नाही हे काय मला आज कळलं? पण फोन हातात आल्यापासून एकदाही डोक्यात आलं नव्हतं. जगाशी बोलायची सोय बघत बसलो आणि घरातलं माणूस त्यात बसतच नाही.

शनि., १२
ठरवून गेलो, आज बाजारात तोंड उघडायचं नाही. तालीम. गळ्याला मफलर, हातात फोन. आप्पानं मौन धरलंय म्हणून लय टिंगल झाली. धरू दे म्हणावं, भाव तरी कमी करंल, असं एक जण. रुमालाखालचे सौदे सगळे झाले. लांबचे मेसेजवर झाले. मनात म्हटलं, गड्या, चालतंय की.

अकराच्या सुमाराला टेम्पो मागं येत होता आणि चाकामागं बिरू तात्या उकिडवे बसलेले, बकरीचं खूर बघत. ड्रायव्हरचं लक्ष नाही. मी ओरडलो. आवाज फाटला, पण निघाला. तात्या बाजूला झाले. झाडाखाली बसून पाणी प्यालो. हातात फोन होता, पट्टी उघडलेली. त्या बटणांनी काय झालं असतं? तात्या म्हणाले, "मौन मोडलं रं तुजं." पुढच्या शनिवारांना मी कसा ओरडू?

रवि., १३
तात्यांची गोष्ट मालनला सांगितली. बाजाराचं नाव काढलं की तिला बापाची आठवण येते. सासरे मेंढरांचे व्यापारी. "बा मला मांडीवर घ्यायचा आन रुमालाखाली माजीच बोटं दाबायचा. वळख किती, म्हनायचा. मला आकडं बोटावरनंच कळत्यात." आज खुशीत होती. हीच वेळ होती सांगायची. उठून शेळ्यांना पाला टाकला.

बुध., १६
संजयचा फोन. "मामींना सांगितलं का?" नाही. "मग चार शब्द फोनमध्ये बोलून ठेवा. मामींना नंतर ऐकता येतील."

रानात गेलो. बटण दाबून 'मालन' म्हटलं. पुढं? काय बोलून ठेवायचं असतं माणसानं? दार लाव? औषध दे? भिऊ नको? परत ऐकलं तर आवाज माझा वाटेना. आधीच अर्धा गेलाय. पुसून टाकलं.

शनि., १९
बाजाराला गेलो नाही. पहिल्यांदाच.

रवि., २०
सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हटलं, मालन, गाठीबरोबर आवाज जाणार. ती निवडतच राहिली. एक खडा वेचून टाकला. "आजाबात?" व्हय म्हटलं. मग सूप बाजूला ठेवलं. "आन मग मी भांडायचं कुनासंगं?"

दोघं रडलो. लाज कसली.

नंतर डोळे पुसून म्हणाली, "डागदर आनी काय म्हनला?"
"काय न्हाई. बरं व्हनार म्हनला."
तोंडानं म्हटलं.

सोम., २१. मिरज.
भरती झालो. उद्या सकाळी ऑप. शेवटचं काय बोलायचं ते येताना एसटीत ठरवलं होतं. मनात चांगलं जुळलंही होतं. इथं आल्यावर मालन म्हणाली, शेळ्यांच्या गोठ्याला कुलूप लावलंय. मी म्हटलं, लावलं न्हाईस, मी बघितलंय. ती म्हणाली, लावलंय. सिस्टर आली आणि दोघांना गप्प केलं. आता घसा सुजलाय, बोलू नका म्हणतात. एवढंच झालं.

बुध., ३०
आज बसता आलं. मानेला भोक, त्यातनं श्वास. खोकला आला तर आवाज येत नाही, नुसता वारा. फोन उशाशी. डॉक्टर वाचतात, सिस्टर वाचते. गोठ्याचं कुलूप लावलेलं होतं, संजय बघून आला. त्यानं विचारलं, मामा, फोन कसा वाटला? लिहिलं, चांगला आहे, ठेवतो. खोटं नाही, कामाला चांगलाच आहे.

मालन पायाशी बसून असते. मी बटणं दाबायला लागलो की खिडकीबाहेर बघते.

शनि., २ नोव्हें.
आज बाजार. संध्याकाळी मालन उशाशी सरकली. हातातनं फोन घेतला, पट्टी खट्ट करून मिटली, उशीखाली ठेवला. माझा उजवा हात मांडीवर घेतला, वर पदर टाकला आणि खाली आपला हात माझ्या हातात उघडा ठेवून दिला. उघडा हात म्हणजे आकडा मी द्यायचा.

"रुमाल न्हाई, पदर हाय. चालंल न्हवं? डागदर काय म्हनला त्ये सांगा आता. किती?"

मी डाव्या हातानं वही ओढली. तिनं घाई केली नाही. म्हणाली, "लिवा काय लिवायचं त्ये. मी हाय हितंच."

तिची पाचही बोटं माझ्या हातात आहेत. अजून एकही धरलेलं नाही. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.