प्रशिक्षकांची मोहरी

आदरणीय रेमों भावोजी,

आर्मेलचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची तब्येत विचारत नाही, परवा फोनवर तिनं मला झापलं त्यावरून ठणठणीत दिसते.

तर आमच्या फुटबॉल संघाचं सांगायचं होतं. तुमचे सेंत-ओर्बानवाले तक्त्याच्या मध्यावर सुखानं बसलेत, आणि आमचं प्लुगारेक पार तळाला. येत्या शुक्रवारी शेवटचा सामना, तोही तुमच्याशीच, आमच्या मैदानावर. हरलो की दुसऱ्या श्रेणीतून थेट तिसरीत. मग कुत्रंही फिरकणार नाही आणि गोलामागचा माझा सॉसेजचा ठेला बंद. (तुम्ही म्हणाल, सुटलीस एकदाची. पण भावोजी, माझ्याशी हक्कानं भांडणारी माणसं आता त्या रांगेतच उरलीत. फार जीव लागलाय हो.)

हे असं का झालं, याचा मी छडा लावलाय. ऑगस्टात नवे प्रशिक्षक आले, बेर्त्रांसाहेब, मोहरीसाठी गाजलेल्या दिजोंकडचे. माणूस भला, पण पहिल्याच दिवशी ठेल्यावर येऊन म्हणतात, "बाई, जरा मोहरीची चटणी?" अहो, आपल्या धिरड्यात गुंडाळलेल्या सॉसेजला मोहरी! रांगेतला म्हातारा ल गॉफ (पंचांना शिव्या घालायलाच तिकीट काढतो तो) तर टोपी काढून उभा राहिला, कुणी गेल्यासारखा. पण पाहुणा माणूस, मी शेजारणीकडून आणून दिली. त्याच संध्याकाळी हरलो. तेव्हापासून माझं बारीक लक्ष आहे. मोहरी खाल्ली की हार. ऑक्टोबरात साहेबांची दाढ दुखत होती, काहीच खाल्लं नाही, तर जिंकलो! मग मला कुठलं राहवतंय? एकदा बाटली लपवून पाहिली, तर पठ्ठ्यानं कोटाच्या खिशातून स्वतःची काढली. सामना बरोबरीत. ल गॉफ म्हणाला, "खिशातली अर्धीच बाधते." आता सगळे माझ्याच मागे लागलेत, पहिली तू दिलीस, तूच निस्तर म्हणून.

ताईला गोड पापा.

तुमची मेहुणी,
आर्मेल

ता. क. तुम्ही तिथल्या संघाचे स्वयंपाकी, म्हणून सोबत मोहरीची बरणी पाठवतेय. शुक्रवारी दुपारी पोरांना सढळ हातानं वाढा.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं. काल साहेबांनी माझ्या शपथेखातर मोहरीशिवाय कोरडं सॉसेज खाल्लं आणि आम्ही चार गोलांनी हरलो. तेव्हा मोहरीत काही नाही, बरणी ताईला द्या. तुमच्या त्या गोल ठोकणाऱ्या नऊ नंबरच्या पोराला मात्र शुक्रवारी बदक आणि घेवड्याचं तुमचं ते जड कालवण पोटभर वाढा. नको म्हणेल. आग्रह करा.