बिल्याकौटातला दिवा

मामाजी,

मागच्या आठवड्यात बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, मधूनच ब्लॅकआउट होतो का?" मी म्हटलं, "होतो की. रोज दुपारी दोन तास, आणि वादळ आलं की रात्रभर." डॉक्टर हसले, सूनबाईनं कपाळाला हात लावला. डोळ्यांपुढं अंधारी येते का, मधलं काही आठवेनासं होतं का, असं त्यांना विचारायचं होतं. तसं काही नाही असं मी सांगितलं, गोळ्या घेतल्या आणि घरी आले. तर नात पेपर देऊन आलेली, आणि रडून रडून तिचे डोळे सुजलेले. "आजी, सगळं येत होतं गं मला. पेपर हातात पडला आणि पूर्ण ब्लॅकआउट झाला." तिची समजूत घालायला मुलगा बसला, तर तो त्याच्या कॉलेजातल्या नाटकांवर गेला. प्रवेश संपला की ब्लॅकआउट करायचे, तेवढ्यात स्टेजवर मेलेला माणूस उठून विंगेत पळायचा. पोरगी रडता रडता हसली. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसले. आपल्या गावात हा शब्द आला तेव्हा त्याला एकच अर्थ होता, आणि त्या अर्थाशी माझा हिशेब अजून मिटलेला नाही.

तुम्ही ग्रामपंचायतीत दिवाबत्तीचं काम करायचे. गावात अकरा खांब, प्रत्येकावर काचेच्या पेटीत रॉकेलचा दिवा. दिवस मावळायला लागला की तुम्ही खांद्यावर शिडी, हातात रॉकेलची कॅन आणि कमरेला फडकं असे निघायचे, आणि वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एकेक दिवा लागत जायचा. मी तुमची सून होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात तुम्हाला मदत म्हणून एक काच पुसायला घेतली. आत्ताच उतरवलेली, गरम. ओलं फडकं लावलं आणि काच तडकली. तुम्ही ओरडलात, "गरम काचेले वल्लं फडकं? तुह्या बापाच्या घरी दिवे नोते काय?" मी दिवसभर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. तुम्ही येताना गोडीशेवचा पुडा आणलात आणि माझ्याकडं न बघता चुलीजवळ ठेवलात. सासूबाई म्हणाल्या, "आता खाय तं. बुढ्याले माफी मागाची अशीच येते."

पुढच्या हिवाळ्यात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. ताप आला, तीन दिवसांत संपलं सगळं. जिथं त्यांचा प्राण गेला तिथं, मधल्या खोलीत, पिठाच्या लहानशा ढिगावर दिवा ठेवला. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून, असं तुमच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, मला चारदा बजावलं. "इझला तं ते अंधारात चाचपत राहीन, समजलं काय? आन् ते पाप ज्याच्या हातून इझला त्याच्या डोक्शावर." मी अठरा वर्षांची होते. मला ते शब्दशः खरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी पारावर आदेश वाचून दाखवला. भुसावळला मोठं रेल्वे जंक्शन, ते आपल्यापासून फार लांब नाही, म्हणून संध्याकाळ झाली की गावात एकही दिवा दिसता कामा नये. ब्लॅकआउट. लोकांनी त्या शब्दाचा ऐकता ऐकताच बिल्याकौट केला आणि मग आपापल्या अकलेनं तो पाळायला लागले. ग्रामसेवक दिव्याबद्दल बोलले होते. गावानं ठरवलं की विमानाला पांढरं काहीच दिसू नये. कापसाचे दिवस होते, घरोघरी अंगणात पांढरेशुभ्र ढीग. त्यांच्यावर घोंगड्या पडल्या, लुगडी पडली. पाटलाच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या पांढऱ्या बैलजोडीला काळ्या झुली शिवल्या. एक म्हातारा धोतराऐवजी मुलाची खाकी पँट घालून फिरत होता आणि कोणी हसलं की म्हणायचा, "हसा बे. गोया पडला की मंग हसा." ग्रामसेवकांनी त्यांना समजावण्याचा नाद सोडून दिला.

तुम्ही त्या दिवशी शिडी घेऊन निघालात आणि अकराच्या अकरा दिवे खांबांवरून काढून घरी आणलेत. ओळीनं भिंतीशी ठेवलेत. सुतकात काम करू नका असं लोक म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "लढाईले सुतक रायते काय?" आता तुमचं काम उलटं झालं होतं. दिवे लावत जायचं, त्याऐवजी गल्लीगल्लीतून फिरून कुठं उजेड तर नाही ना हे बघायचं, बरोबर शिट्ट्या घेतलेली गावातली चार पोरं. आणि तुमच्याच घरात, मधल्या खोलीत, विझवता न येणारा दिवा.

आत्याबाई म्हणाल्या, "खिडकीले पोतं लाव, झालं." तुम्ही पोतं लावलंत, बाहेर जाऊन पाहिलंत आणि मान हलवलीत. कौलांच्या फटींतून, दाराच्या चिरेतून उजेड गळत होता. मग तुम्ही अंगणात रॉकेलचा रिकामा डबा घेऊन बसलात. बूड तसंच ठेवलंत, तोंडाचा पत्रा कापलात, डबा उलटा केलात. खालच्या कडेला खिळ्यानं बारीक भोकं पाडलीत, वर एका बाजूला तीन मोठी, आणि त्यांच्यावर कापलेल्या पत्र्याची पडवी वाकवून बसवलीत, म्हणजे धूर निघावा पण उजेड पत्र्यावरच अडावा. मी शेजारी उभी राहून बघत होते. बायको जाऊन तीन दिवस झालेत असा माणूस, डोळे कोरडे, आणि एकेक भोक पाडून त्यातून आकाशाकडं बघतोय. "दिव्याले खालून हवा लागते अन् वरून धूर जाऊ द्या लागते," तुम्ही म्हणालात, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. डबा दिव्यावर ठेवला. खोली गच्च काळी झाली. मी घाबरून म्हटलं, "मामाजी, आता चालू हाय की इझला हे कसं समजन?" तुम्ही अंधारात माझा हात धरून डब्याच्या वर ठेवलात. डबा गरम होता, थंडीत पाठीवर ऊन पडावं तसा. "डोयानं नाही पाह्याचं आता. हातानं पाह्य," तुम्ही म्हणालात.

मला आजही वाटतं, त्या क्षणी मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं, आणि ते अंधारात.

मग तुम्ही मला आणि आत्याबाईंना अंगणात बोलावलंत. तो पहिला पुरा बिल्याकौट. गावात कुठं म्हणून कुठं ठिणगी नव्हती, चुलीसुद्धा दिवसा उरकलेल्या. कुत्री गप्प. घाटाची रांग दक्षिणेला एका काळ्या रेषेसारखी पडलेली आणि तिच्यावर एवढ्या चांदण्या, की मी मान खाली घातली. घाबरले म्हणा. माहेरीही चांदण्या होत्या, पण कुठं ना कुठं दिवा असायचा. तुम्ही बराच वेळ वर बघत राहिलात आणि म्हणालात, "तीस वर्सं दिवे लावले. वरतं पाह्यलंच नाही कधी. तुहीच सासू म्हने, कदी तं वर पाहा." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी रडले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो जात नव्हता.

सहाव्या दिवशी माझे यजमान दहाव्याचं सामान आणायला मोताळ्याला गेले होते, आत्याबाई शेजारी बसायला गेल्या, तुम्ही फेरीवर. दिवसाउजेडी दिव्यात तेल घालून तुम्ही मला दिव्याजवळ बसवून गेलात. तिन्हीसांजेची वेळ. पोतं लावलेल्या त्या खोलीत मी एकटी, समोर डबा, माझा हात त्याच्यावर. दिवा चालू होता, हाताला कळत होतं. पण मला तो बघायचा होता. तीन दिवस मी संध्याकाळनंतर घरात काही बघितलं नव्हतं, स्वतःची बोटंसुद्धा. मी डबा उचलला.

काय उजेड पडला, मामाजी. एवढीशी वात, पण सगळी खोली सोन्यासारखी झाली. भिंतीशी ठेवलेल्या अकरा दिव्यांच्या अकरा काचांमध्ये अकरा ज्योती उभ्या राहिल्या. माझ्या हिरव्या बांगड्या चमकल्या. सासूबाईंचं लुगडं दोरीवर होतं, त्याचे काठ दिसले. मी बघतच बसले, डबा हातात धरून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

बाहेर शिट्टी वाजली. "ओ, उजेड कोनाच्या घरचा बे? मामा, तुमच्याच घराकून दिसून राह्यला!" पोरं गल्लीच्या तोंडाशी होती. आणि त्यांच्यात तुम्ही होतात, हे मला तुमच्या खोकल्यावरून कळलं. सगळ्या गावाला अंधारात ठेवणाऱ्या माणसाच्या घरून उजेड. डबा पुन्हा ठेवायचा एवढंच करायचं होतं. पण माझे हात हलेनात, आणि मी वाकून फुंकर मारली.

दिवा फुंकरीनं विझवू नये, हे कोणत्याही घरात लहान मूल शिकतं. तो तर सासूबाईंचा दिवा होता. अंधार झाला आणि मला वाटलं, आता त्या कुठंतरी थबकल्या असतील. भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला, "माह्या घरी? भास झाला असन तुमाले. चला पुढं." पावलं गेली. मी काड्यापेटी चाचपून काढली, तीन काड्या मोडल्या, चौथीनं वात लावली, डबा ठेवला. मग हात जोडून सासूबाईंची माफी मागितली आणि कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

थोड्या वेळानं तुम्ही आलात. दारातच थांबलात. तुम्ही पुढं येऊन डब्यावर तळहात ठेवलात, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणालात, "कोंडलं लय. दार उघड जरा, अन् मागचंबी." थंडी मी म्हणत होती तरी तुम्ही दोन्ही दारं सताड उघडलीत आणि स्वतः उंबऱ्यात बसलात, पंच्यानं वारा घालत. आत्याबाई परत आल्या तर म्हणाल्या, "काऊन रे, गारठ्यात दारं उघडी?" "घाम आला मले," तुम्ही म्हणालात. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटत नसेल.

दहाव्याला सगळा गोतावळा जमला. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "दिवा नाही ना इझला रे?" तुम्ही म्हणालात, "दहा दिवस सारका जयला. मी हातानं पाह्यला." सगळ्यांनी मान डोलावली. बिल्याकौटात दहा दिवस दिवा राखला, ही गोष्ट पुढं आजूबाजूच्या गावांत गेली. लढाई संपली, तुम्ही अकरा दिवे पुन्हा चढवलेत, आणि दोन वर्षांनी विजेचे खांब आले. शब्द मात्र गावात राहिला. नवराबायकोचं बोलणं बंद झालं की लोक म्हणायचे, त्याच्या घरी बिल्याकौट हाय. मास्तर आले नाहीत की शाळेत बिल्याकौट. तुम्ही हसायचे, पण स्वतः तो शब्द कधी वापरला नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा थोरला पाच वर्षांचा होता. दिव्याजवळ मी दहा दिवस बसले, आणि तेव्हाही काही बोलले नाही.

परवा रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. देवापुढचा तेलाचा दिवा नातीनं अभ्यासाला घेतला. लाइट आली तशी तिनं फू करून विझवला. मी दोन खोल्या सोडून स्वयंपाकघरात होते, आणि म्हटलं, "कोण गं, दिवा फुंकरीनं विझवला?" ती आश्चर्यानं आत आली. "तुला कसं कळलं?" "जळक्या वातीचा तो वास, पोरी. नाकातच बसतो तो," बोलले आणि मला ती सहाव्या दिवशीची उघडी दारं आठवली. माझ्या थकलेल्या नाकाला जो वास दोन खोल्यांपलीकडून आला, तो तीस वर्षं दिवे लावणाऱ्या-विझवणाऱ्या माणसाला कोंडलेल्या खोलीच्या दारात आला नसेल? तुम्ही बाहेर घालवत होतात तो वासच, आत्याबाई यायच्या आत. पन्नास वर्षं मी समजत होते की तुम्हाला फसवलं. मला किती लाज वाटली आणि किती भरून आलं, ते इथं लिहून होणार नाही. बायकोची वाट अंधारात गेली असं ज्या माणसाला वाटलं असेल, त्यानं दारं उघडली ती माझ्यासाठी.

त्याच रात्री मुलानं नातीला ती गोष्ट सांगितली, नेहमीसारखी. पणजोबांनी बिल्याकौटात दहा दिवस दिवा राखला. नातीनं माझ्याकडं वळून विचारलं, "आजी, एकदाही नाही विझला?" घरात सगळे माझ्याकडं बघत होते. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. मी म्हटलं, "एकदाही नाही."

मामाजी, तुम्ही हे खोटं माझ्यासाठी बोलला होतात. मी माझ्यासाठी बोलले.