माळ्यावरची लेझीम

नंदुरबार

चि. गोरखला ताईचे आशीर्वाद.

हितं माझी शाळा बरी चाललीय, काळजी करू नको. आईचा गुडघा कसा आहे?

आता रागाचं बोलते. तुझी प्रेरणा काल फोनवर रडली. चाचणीत गणितात नापास झाली म्हणून तू तिची लेझीम माळ्यावर टाकलीस म्हणे. एक येत न्हाई म्हणून जे येतं तेही काढून घ्यायचं, ही कुठली रीत? सगळी शाळा तिच्या शिट्टीवर पावलं टाकते. एवढे ठेके मोजणाऱ्या पोरीला अपूर्णांक का येऊ नयेत? माझ्या सातवीच्या पोरांना मी ते टाळ्या वाजवूनच शिकवते, अर्धा ठेका, पाव ठेका. तूही तिच्यासमोर बसून वाजव.

"आत्या, मला काहीच येत न्हाई का गं?" असं विचारत होती. हे तिच्या डोक्यात तू घातलंस.

भाऊबीजेला विंझरला येतेय. तुला ओवाळायला पाट मांडीन, तवा लेझीम तिच्या हातात दिसली पाहिजे. न्हाई दिसली, तर ताट तसंच ठेवून आल्या एसटीनं परत जाईन.

आईला नमस्कार सांग. आणि हे पत्र प्रेरणाला तू स्वतः वाचून दाखव, मोठ्यानं.

तुझी ताई,
मंगल