माहेरच्या रक्ताची वाटणी

मी, जमना रोहिदास पाटील, वय अठ्ठावन्न, धंदा भरीत-पुरीचे दुकान, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही धाकाविना लिहून ठेवते. मला अंडाशयाचा कर्करोग आहे; डोके मात्र ठिकाणावर आहे. आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही, हे दीर तोताराम यांनी लक्षात घ्यावे.

१. दुकान, भट्टी आणि भरीत ठेचायची लाकडी बडगी सून शीतल हिला. मुलाला नाही, तो वांगी गॅसवर भाजायच्या गोष्टी करतो.

२. तोताराम यांना काहीही देऊ नये. माझे पोट फुगू लागले तेव्हा "वहिनी, वायू शे, बाकी काही नही," म्हणत त्यांनी कसलासा काढा आणला आणि मी तो महिनाभर प्याले. रिकामी बाटली माळ्यावर आहे, तेवढी त्यांची.

३. आता मुद्द्याचे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाहीत. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी "घरात कुणाला असा आजार?" विचारले, तेव्हा रोट खाणारे सगळे आठवून मी "नाही" म्हणाले. माझी आई आणि मावशी चोपड्याला पोट फुगूनच गेल्या होत्या. पण ते माहेर. ते घरात कसे मोजायचे?

ऑपरेशन झाले, केमो झाली, आजार उलटला. मग नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारले, "आई कशाने गेली?" रक्त तपासले. आईकडून आलेला दोष निघाला, आणि त्याच दोषावर चालणाऱ्या गोळ्या आहेत असेही कळले. पुन्हा केमो झाल्यावर त्या सुरू केल्या. दोन श्रावण गेले, आजार दबून आहे. बरी झाले असे डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण पुन्हा गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकांशी भांडते. मला अजून जगायचे आहे, खूप जगायचे आहे.

मुलाने तपासणी केली, त्याच्यात दोष नाही. धुळ्याला दिलेली माझी लेक रोहिणी करत नाही. "माय, माले ते जाननंच नही. मी आते सासरनी शे," म्हणते आणि फोन ठेवते. त्या भीतीने तिने इकडे येणेही सोडले. सणावाराला मी तिच्या आवडीच्या पुरणपोळ्या करते आणि शेजारी वाटून टाकते.

४. राहते घर, माझ्या कमाईचे, रोहिणीला. वकीलसाहेब म्हणाले, "तपासणी केली तरच घर, अशी अट घाला." मी घालणार नाही. रोहिणी, तपासणी केलीस तरी घर तुझे, नाही केलीस तरी तुझेच. दोष आधी कळला तर उपाय असतात; मला हे कुणी सांगितले नव्हते, म्हणून तुला सांगते. मला तुझे केस पांढरे झालेले बघायचे आहेत. ते माझ्या नशिबी नाही, हे कळते. तरी ते पांढरे व्हायला हवेत.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. मला तेवढा धीर नाही. याची नक्कल मी आजच धुळ्याला पाठवत आहे. बाई गं, गोळ्या लागू पडत आहेत, तोवर ये.

सही: जमना रोहिदास पाटील

जमनाबाईंनी हे आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून सही केली. चौथे कलम त्यांनी दोनदा वाचले.
साक्षीदार: १. रतिलाल बन्सीलाल जैन  २. वना झुलाल महाजन

स्थळ: जळगाव
दिनांक: १७ जुलै २०२५